धोंडुबाई समुद्राला जाते

धोंडुबाईनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची असेल, आणि तो तिला मुळीच आवडला नाही.

नुकतंच लग्न झालं होतं. म्हसवडच्या पलीकडं, माणदेशातल्या एका वाडीतलं धनगराचं घर. दिवाळी सरली की त्या घरची मेंढरं कोकणात उतरायची, तशी नवी सूनही उतरली. पुढं घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर पाय बांधलेल्या कोंबड्या, मागं दीडशे मेंढरं आणि मेंढरांच्या मागं ती. पाटण गेलं, कोयनेचं पाणी दिसलं, कुंभार्लीचा घाट उतरला, आणि अठराव्या का विसाव्या दिवशी एका टेकाडावर सासऱ्यानं काठी उचलून पश्चिमेला दाखवलं. तिकडं निळं काहीतरी पसरलं होतं. त्यावर झाड नव्हतं, गवताची काडी नव्हती, आणि एवढं पाणी असून मेंढराला तोंड लावायच्या कामाचं नाही, असं सासरा म्हणाला. धोंडुबाईनं एकदा बघितलं आणि मान वळवली. पुढची सत्तावीस वर्षं समुद्र म्हणजे तिच्या लेखी चारा संपतो ती जागा होती.

वर्षाचे चार-पाच महिने ती त्याच्या आवाजात निजली, उठली, तिनं भाकरी थापल्या. कापलेल्या भातशेतात मेंढरं बसवायची, शेताला खत मिळायचं, शेतकरी भात द्यायचा. बिरदेव, तिचा एकुलता एक मुलगा, तसल्याच एका शेतात पालाखाली जन्मला. पण शेताच्या बांधापलीकडं जी पुळण सुरू व्हायची तिथं तिनं पाय ठेवला नव्हता. नवरा केरबाही ठेवायचा नाही. वाळू मेंढरांच्या खुरात जाते, म्हणायचा.

ती पुळणीवर उतरली ते एका कोकरामुळं. गुहागरच्या खालच्या अंगाला कातळवाडी म्हणून गाव आहे, तिथं त्या साली मेंढरं बसली होती. सांजेला एक कोकरू कमी भरलं. शोधत शोधत ती वाळूत आली तर कोकरू खडकापाशी आडवं पडलेलं, मागचे दोन्ही पाय कशात तरी गुरफटलेले. दोरा दिसेना, फक्त कातडीवर तांबडी रेघ दिसत होती. ती ओढायला लागली तसा दोरा आणखी रुतला. तेवढ्यात खडकावरून एक बाई सपासप उतरून आली. काष्ट्याचं लुगडं, कमरेला पिशवी, हातात बोटाएवढी सुरी. तिनं कोकराच्या पोटावर गुडघा टेकला आणि चार ठिकाणी कापून पाय मोकळे केले. मग तो सगळा गुंता, अगदी वाळूत पुरलेलं टोकसुद्धा ओढून, तिनं हातावर गुंडाळला आणि पिशवीत घातला.

"तंगूस हाय हा," ती म्हणाली. "गरीचा दोरा. हितं टाकून जायाचा नाय कदी. पाखरां मरतात, वासरां मरतात. कोण मेला टाकून गेला ता."

ती जयवंती. खारवीवाड्यात राहणारी, धोंडुबाईच्याच वयाची. नवरा दुसऱ्याच्या होडीवर जायचा, आणि ही किनाऱ्यावरून गरी टाकायची. गरी म्हणजे गळ. तंगुसाच्या टोकाला गळ, गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा तुकडा, बाकी सगळा तंगूस पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला. एवढंच तिचं हत्यार.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाईनं तिला तांब्याभर मेंढीचं दूध नेऊन दिलं. जयवंतीनं तांब्या रिकामा परत देणं बरं नाही म्हणून त्यात दोन मासे घातले. मुडदुशा होत्या त्या, वीतभर लांबीच्या, निमुळत्या तोंडाच्या. धोंडुबाईनं त्या निखाऱ्यावर भाजल्या. केरबानं आधी नाक मुरडलं आणि मग दुसरीही त्यानंच खाल्ली.

त्यानंतर मेंढरं रवंथ करत बसली की ती खडकावर जाऊन बसायला लागली. जयवंती फार बोलायची नाही. तंगूस तर्जनीवर टेकवून पाण्याकडं बघत राहायची. मधूनच तिची नजर विझल्यासारखी व्हायची, डोळे उघडे असून ती तिथं नसायची. धोंडुबाईला ते ओळखीचं वाटलं. माळावर मेंढरं पांगली की असंच होतं. माणूस उभं असतं, काठीवर हनुवटी टेकलेली असते, आणि मन कुठंतरी गवतावरून वाऱ्याबरोबर चाललेलं असतं. पण एक मेंढरू चुकीच्या बाजूला वळलं की पाय आपोआप उचलतात.

तिनं एकदा विचारलं, आत काय कळतं? जयवंतीनं तिचं बोट धरून तंगुसावर ठेवलं. लाट आली तसा दोरा ताणला, गेली तसा सैल झाला. पुन्हा ताणला, पुन्हा सैल. एवढं मोठं निळं जनावर आणि त्याचा श्वास आपल्या बोटाच्या पेराखाली. धोंडुबाईला त्या दिवशी पालावर परतायला उशीर झाला.

पहिल्या साली तिला एकही मासा मिळाला नाही. जयवंतीनं जुनी गरी दिली होती, पण धोंडुबाई सगळंच उलटं करायची. दगड भिरकवायची सवय, त्यामुळं गरी लांब फेकायची. जयवंती म्हणायची, मासा तुज्या पायाशी हाय नि तू मुंबैला फेकतेस. शिंपल्यातलं, खेकड्यातलं किडूकमिडूक लाट उकरते तिथंच मुडदुशी येते, लाट फुटते तिच्या जरा मागं. गाठ बांधायची तर कोरडी ओढायची, मग ती तापून तिथंच तुटायची. गाठ ओढायच्या आधी थुंकी लावायची, हे शिकायला तिला सहा गळ गमवावे लागले. कोळंबीचा तुकडा ती मोठा लावायची, मासा कडंकडंनं खाऊन जायचा. गळाचं टोक झाकेल एवढाच लावायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, दोरा हलला की ती झटका द्यायची.

"घाई नाय कराची गो," जयवंती सांगायची. "पयल्यांदा तो वास घेतो. मग चावून बगतो. मग नेतो. नेला, की मग तू."

वेळही चुकायची. धोंडुबाईला सवड दुपारी, आणि पाणी आपल्या मर्जीनं येणार. भरती चढायला लागली की दोन तास, आणि भरून फिरताना थोडा वेळ. तेवढ्यात काय ते. रोज पाणी दोन घटका मागं मागं सरकतं, अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा मंद असतं, पुनवेला आणि अवसेला उधाण असतं. हे मात्र तिनं चटकन उचललं. चंद्र बघून चालणारी माणसं ती.

दुसऱ्या साली, मार्गशीर्षात, एका संध्याकाळी उजेड तिरपा झाला होता आणि ओली वाळू तांब्याच्या परातीसारखी दिसत होती. वारा पडला होता. तंगूस बोटावर होता, ताण, सैल, ताण, सैल, आणि मधेच कुणीतरी दोनदा टकटक केलं. तिनं श्वास धरला. पुन्हा टकटक. मग दोरा हळूच एका बाजूला चालायला लागला, कोकरू तोंडात पदर धरून ओढतं तसा. तिनं मनगट उचललं.

ती मुडदुशी चार बोटांची होती. जयवंतीनं आधी तिला हात पाण्यात बुडवायला लावले, कारण कोरड्या हातानं धरलं की माशाची साल जाते आणि सोडला तरी जगत नाही. मग गळ काढला, आणि सांगितलं, ही ल्हान हाय, सोड. धोंडुबाईला तो पहिला मासा आजही लख्ख आठवतो, कारण तो तिनं खाल्ला नाही. ओंजळीतून सुटताना त्यानं शेपटीनं तळव्याला एक स्पर्श केला आणि पाण्याच्या रंगाचा होऊन गेला.

अशी पंधरा वर्षं गेली. दर साली कातळवाडी नसायची; कधी मेंढरं चार गावं वर बसत, कधी खाली. पण हंगामात आठ-दहा दिवस तरी ती जयवंतीच्या खडकावर असायचीच. एकदा तिला शिंगाळ्याचा काटा लागला. शिंगाळ्याच्या कल्ल्याजवळ आणि पाठीवर काटे असतात, गळ काढताना तिनं बेसावधपणे मूठ आवळली आणि काटा तळव्यात घुसला. हात खांद्यापर्यंत ठणकायला लागला. जयवंतीनं सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. केरबा त्या संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीपुढं बसून पाणी तापवत राहिला. एक पातेलं निवलं की दुसरं. हा कसला नसता उद्योग, असं तो सारखं पुटपुटत होता, आणि पाणी फार कढत तर नाही ना म्हणून दर खेपेला आधी स्वतःचं बोट घालून बघत होता. तेवढ्याच त्या गोष्टीवरून धोंडुबाई त्याला पुढं कितीतरी वेळा माफ करत आली.

मग केरबाचे गुडघे गेले. बिरदेव साताऱ्याला कारखान्यात लागला होता, एमआयडीसीजवळ कोडोलीत खोली घेऊन राहिला होता. बायको सोनम तिथंच एका कंपनीत पॅकिंगला जायची. मेंढरांमागं चालणारं घरात कुणी उरलं नाही. सगळा कळप एका दिवशी ओळखीच्या माणसाला दिला. घोडंही दिलं. धोंडुबाई त्या दिवशी घरातून बाहेर आली नाही.

त्या सालची दिवाळी झाली. वाडीतली दोन बिऱ्हाडं निघाली, कुत्री पुढं धावली, धूळ बसली. धोंडुबाई दारात उभी होती. तिचे पाय रस्त्याकडं वळत होते आणि तिला त्यांना थांबवावं लागत होतं. ज्वारी पोटरीला आली तेव्हा फार झालं. दुपारी वारा सुटला की सगळं रान एका अंगाला झुकायचं, सावरायचं, पुन्हा झुकायचं; ती बांधावर बसून डोळे मिटायची आणि बोट आपोआप पुढं व्हायचं. कानात जो आवाज यायचा तो पानांचा होता हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती तासन्‌तास बसायची. घरात केरबा म्हणायचा, ही आताशा ऐकत न्हाई, कुटं असती कुणाला ठावं.

एक साल असं काढलं. पुढच्या दिवाळीनंतर तिनं एका सकाळी भाकरी बांधल्या.

"आवं, मी दर्याला जाऊन येते," ती केरबाला म्हणाली.

"मेंढरं कुटं हायती आता? कशापायी जातीस?"

"मासं धराया."

सत्तावीस आणि पंधरा, बेचाळीस वर्षं ती दोघं तिकडं मेंढरांसाठी गेली होती. माणूस स्वतःसाठी जातो हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्यानं एवढंच विचारलं, की एकटी जाणार का. शेजारची राहीबाई त्याचं जेवणखाण बघणार होती, हे धोंडुबाईनं आधीच ठरवून ठेवलं होतं.

ती दहिवडीहून साताऱ्याला आली. बिरदेवनं नको म्हणून पाहिलं. रात्रीची भांडी घासून झाल्यावर सोनमनं हळूच सांगितलं, आत्या, मी पण येते, पाच दिवसांची रजा काढते. तिनं समुद्र पाहिला नव्हता. आटपाडीकडची पोर, शिकलेली, आणि दिवसभर यंत्रापुढं एकाच मापाची खोकी चिकटवून तिचेही डोळे कधीकधी तसे विझलेले असायचे. धोंडुबाईनं ते पाहिलं होतं.

बायकांना एसटीचं अर्धं तिकीट. पाटणपर्यंत सोनम फोनवर काहीतरी बघत होती. किनाऱ्यावरून मासेमारी नव्यानं करणाऱ्यांसाठी सूचना, असा व्हिडिओ होता. एक हिंदी बोलणारा माणूस चकचकीत काठी आणि चक्री घेऊन समुद्रापुढं उभा होता. भरतीची वेळ बघा, ओल्या शेवाळी खडकावर उभे राहू नका, समुद्राला पाठ करू नका. सोनमनं कानातली एक वायर सासूच्या कानात घातली. धोंडुबाईनं घाट लागेपर्यंत नीट ऐकलं.

"बराबर सांगतोय," ती शेवटी म्हणाली. "पर लय बोलतोय."

पायी अठरा-वीस दिवसांची वाट त्या दोघींनी एका दिवसात कापली. खिडकीतून धोंडुबाईला मुक्कामाच्या जागा दिसत गेल्या, एकीतून नीट बाहेर यायच्या आत दुसरी येत होती, स्वप्नात गावं सरमिसळ होतात तशी. या वळणावर घोडं बसलं होतं, त्या ओढ्यावर सासऱ्यानं तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती.

जयवंती ओटीवर बसली होती. आवाजावरून तिनं ओळखलं, पण नजर जरा बाजूला लागत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन पौषात करायचं ठरलं होतं. वर्षभर ती खडकावर गेली नव्हती. तिनं आधी मेंढरांचं विचारलं. धोंडुबाईनं सांगितलं. जयवंतीनं सोनमचा हात चाचपून बघितला आणि जेटीवर जाऊन कोळंबी आणायला पाठवलं. रडणं वगैरे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी चढणार होतं, त्याची तयारी करायची होती.

तिघी फटफटताना निघाल्या. जयवंतीला दोघींनी हाताला धरून पुळणीपर्यंत आणलं आणि कोरड्या वाळूत घोंगडी टाकून बसवलं. समुद्रावर धुकं होतं. लाटा कुठून येतात ते दिसत नव्हतं, फक्त पांढरी कड एकदम जवळ उगवायची आणि वाळूत जिरून जायची. सोनम पाण्याच्या काठावर जाऊन उभी राहिली ती हललीच नाही. लाटेनं तिच्या पायाखालची वाळू काढून नेली तसं तिनं दोन्ही हात पसरून तोल धरला, आणि तशीच उभी राहिली, हात पसरून.

"काळा पट्टा खंय हाय?" जयवंतीनं विचारलं. "नेहमीच्या जागी?"

काळा पट्टा म्हणजे जिथं लाट फुटत नाही, पाणी गडद दिसतं, ती खोलगट वाट. मासा त्याच वाटेनं किनाऱ्याला लागतो. धोंडुबाईनं नेहमीच्या जागी, दोन खडकांच्या मधे बघितलं. तिथं लाटा सरळ फुटत होत्या. पावसाळ्यात वाळूचे बांध सरकतात. दोन सालांत सगळंच हललं होतं. तिला क्षणभर पोरकं वाटलं. मग ती एका जागी उभी राहिली, काठी धरावी तशी बाटली दोन्ही हातांत धरून, आणि नुसतं बघत राहिली. दहा लाटा झाल्या, वीस झाल्या. धुकं थोडं उचललं. उत्तरेला, तिसऱ्या खडकाच्या पलीकडं, पांढरी कड दर वेळी एकाच ठिकाणी तुटत होती.

"न्हाई गं, तिथं न्हाई," तिनं सांगितलं. "वर सरकलाय. तिसऱ्या खडकापल्याड."

"किती रुंद?"

"दोन पालं बसतील एवढा."

जयवंतीनं मान हलवली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं धोंडुबाईला कुठं टाक, कसं टाक हे सांगितलं नाही.

त्या सकाळी धोंडुबाईनं सात मुडदुशा काढल्या आणि तीन सोडल्या. सोनमला काही मिळालं नाही. धोंडुबाईनं तिला तंगूस बोटावर ठेवून दिला, आणि झटका द्यायचा नाही एवढंच सांगितलं. सोनमची कोळंबी कुणीतरी चार वेळा खाऊन गेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. पण तिसऱ्या दिवशी धोंडुबाईनं वळून पाहिलं तर सोनमच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरून गेलं होतं. खोकी, यंत्र, शिफ्ट. डोळे उघडे, ओठ किंचित विलग. लाट गुडघ्याला लागून गेली तरी तिला कळलं नाही. धोंडुबाईनं तिला हाक मारली नाही. फक्त मोठी लाट आली तर दिसावी म्हणून ती स्वतः तिच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

सोनम मासा न धरताच परतली. जाताना तिनं विचारलं, आत्या, तुमी कवा येणार? धोंडुबाई म्हणाली, जयवंतीचं ऑपरेशन होऊ दे.

ती शिमग्यापर्यंत राहिली. जयवंतीला दवाखान्यात तिनंच नेलं, डोळ्यात थेंब तिनंच घातले, आणि पट्टी निघाल्यावर आठवड्यानं दोघी हळूहळू खडकावर चढल्या. केरबाचा फोन दर दोन दिवसांनी यायचा. त्याला बोलायला सुचायचं नाही, मग तो विचारायचा, पानी कसं हाय. ती सांगायची, भांग चाललाय, किंवा उधाण हाय. त्याला त्यातलं काही कळत नसणार, पण तो बरं म्हणायचा.

आता ती दर साली जाते. सोनम डिसेंबरात चार दिवस येते. दुसऱ्या साली तिला एक तांबोशी लागली, हातभर लांब, आणि कोडोलीच्या खोलीत तिची गोष्ट बिरदेवला अजून ऐकावी लागते. गेल्या साली केरबाही आला. एसटीतून उतरताना दोघांनी धरावं लागलं. वाळू खुरात जाते म्हणणारा तो म्हातारा पुळणीवर घोंगडी टाकून बसला, चपला काढल्या, आणि पाय वाळूत पुरले. गुडघ्यांना ऊब बरी लागते, म्हणाला. धोंडुबाई पुढं पाण्यात उभी होती, तिच्या डाव्या हाताला जयवंती. ऊन कलत होतं, पाणी भरून थांबलं होतं, लाटाच नसल्यासारख्या. केरबानं काहीतरी विचारलं. तिनं काही वेळानं मागं बघितलं तर तो बसल्या जागी झोपला होता, पटका वाळूत पडलेला, तोंड पाण्याकडं.

पाणी फिरायला लागलं. तिनं तंगूस बाटलीला गुंडाळला, पटका झटकून त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि चहा घ्यायचा का म्हणून त्याला हलवून उठवलं.